पडलेले चित्रपट आणि मागाहून आलेला त्यांचा काळ

२५ जून १९८२ या एकाच दिवशी अमेरिकेत दोन चित्रपट प्रदर्शित झाले. एक रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ आणि दुसरा जॉन कारपेंटर यांचा ‘द थिंग’. दोन्ही पडले. समीक्षकांनी एकाला संथ आणि रुक्ष ठरवले, दुसऱ्याला किळसवाणे. आज मात्र विज्ञानपटांचा आणि भयपटांचा इतिहास सांगताना या दोघांना वगळून पुढे जाता येत नाही. ‘ब्लेड रनर’मधले सतत पावसात भिजणारे, निऑन दिव्यांच्या उजेडात लखलखणारे आणि तरीही कुजत चाललेले शहर नंतरच्या इतक्या चित्रपटांनी उचलले, की मूळ चित्रपट आज पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यानेच कुणाची तरी नक्कल केली असावी असे वाटते. अशा चित्रपटांचा विषय निघाला की आपण सहज म्हणून जातो, ‘तो काळाच्या पुढचा होता’. हे वाक्य ऐकायला छान आहे, पण त्यातून काहीच उलगडत नाही. काळ म्हणजे नेमके कोण, चित्रपट त्याच्या पुढे कसा जातो आणि काळ त्याला मागाहून गाठतो तो कोणत्या वाटेने, हे प्रश्न तसेच राहतात. त्यांची उत्तरे शोधू लागले की ध्यानात येते की चित्रपट पडण्याची कारणे बहुधा अगदी व्यावहारिक असतात, आणि तो पुन्हा उठण्याची कारणे त्याहूनही व्यावहारिक असतात.

सुरुवात ‘पडणे’ या शब्दापासूनच करायला हवी. चित्रपट पडला असे म्हणताना आपण त्याच्या गुणवत्तेविषयी बोलत नसतो, हिशेबाविषयी बोलत असतो. प्रेक्षकाने तिकिटासाठी मोजलेली सगळी रक्कम निर्मात्याच्या हाती पडत नाही. कर, चित्रपटगृहचालकाचा वाटा, वितरकाचा मोबदला आणि जाहिरातीचा खर्च वजा जाता जे उरते त्यातून निर्मितीखर्च भरून काढायचा असतो. म्हणून ढोबळमानाने खर्चाच्या दुपटीहून अधिक गल्ला जमल्याशिवाय चित्रपट सुटला असे धंद्यात मानत नाहीत. डेव्हिड फिंचर यांच्या ‘फाइट क्लब’ने १९९९ मध्ये जगभरात सुमारे १० कोटी डॉलरचा व्यवसाय केला आणि तरीही तो अपयशी ठरला, कारण त्याच्या निर्मितीवर ६ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला होता. निम्म्या खर्चात तयार झालेला हाच चित्रपट, हाच प्रेक्षकवर्ग आणि हीच मिळकत असती तर तो यशस्वी म्हणून नोंदला गेला असता, हे लक्षात घेतले म्हणजे ‘पडला’ या शब्दाला किती मर्यादित अर्थ आहे ते कळते.

शिवाय चित्रपटगृहातली खुर्ची हा नाशवंत माल आहे. आज संध्याकाळच्या खेळाला रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही. त्यामुळे चित्रपटगृहचालक एखाद्या चित्रपटावर कितीही खूश असला तरी रिकाम्या सभागृहात तो फार दिवस चालवू शकत नाही. पुढच्या आठवड्याचा चित्रपट दाराशी उभाच असतो. पूर्वी मोजक्याच प्रिंट असत आणि त्या एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत, त्यामुळे पाहिलेल्याने न पाहिलेल्याला सांगायला थोडी उसंत मिळत असे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ १९७५ च्या जून महिन्यात दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा मारा करत एकाच वेळी ४०९ चित्रपटगृहांत लागला आणि त्याच्या अफाट यशाने सगळ्या धंद्याची रीत बदलली. आज मोठा अमेरिकन चित्रपट तिथल्या ४,००० हून अधिक चित्रपटगृहांत एकदम झळकतो आणि त्याचे भवितव्य शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरते. ज्या चित्रपटाचे मोल दुसऱ्यांदा पाहिल्यावर कळते, त्याला या व्यवस्थेत दुसरी संधीच नसते. तिकीटबारीचा निकाल आठवड्यात लागतो आणि कलाकृतीचा निकाल लागायला पिढी जावी लागते. या दोन निकालांमधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

आता कारणांकडे वळू. पहिले कारण शेजाराचे. ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ लागले तेव्हा स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ प्रदर्शित होऊन दोनच आठवडे झाले होते आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता. परग्रहावरून आलेला जीव प्रेमळ, एकाकी आणि घराची ओढ असलेला असतो, असे ज्या उन्हाळ्यात घराघरातल्या मुलांना पटले होते, त्याच उन्हाळ्यात ‘द थिंग’ सांगत होता की तो जीव तुमच्या मित्राच्या कातडीखाली लपलेला असेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. विल्यम फ्रीडकिन यांच्या ‘सॉर्सरर’चे १९७७ मध्ये असेच झाले. स्फोटकांनी भरलेली मालमोटारींची दोन धुडे जंगलातून, डुगडुगत्या पुलावरून हाकणाऱ्या चार परागंदा माणसांची ही करपलेली गोष्ट ‘स्टार वॉर्स’नंतर महिन्याभराने आली. त्यात नावाचा अर्थ ‘जादूगार’ आणि दिग्दर्शक ‘द एक्झॉर्सिस्ट’चा, त्यामुळे भुताखेतांच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर दिसले ते चिखल, घाम आणि इंजिनाची घरघर. नाव ठेवताना एवढा तरी विचार व्हायला हवा होता, असे आजही वाटते.

इथेच दुसरे कारण डोकावते. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा तो एका वचनावर विसंबून काढतो, आणि ते वचन जाहिरात, नटाची प्रतिमा आणि दिग्दर्शकाचा आधीचा चित्रपट यांनी मिळून दिलेले असते. हॅरिसन फोर्ड हे नाव १९८२ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या साहसपटांशी जोडलेले होते. ‘ब्लेड रनर’मधला त्यांचा नायक मात्र थकलेला, दारूत बुडालेला आणि पळून जाणाऱ्या निःशस्त्र स्त्रीवर पाठीमागून गोळी झाडणारा आहे. प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवला तेव्हा ते गोंधळले, म्हणून निर्मात्यांनी नायकाच्या आवाजातले निवेदन घातले आणि शेवटी एक गोड प्रसंग चिकटवला, ज्यातली डोंगरदऱ्यांची हवाई दृश्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन शिल्लक राहिलेल्या फितीतून घेतली होती. गंमत अशी की प्रेक्षकाला सोपे जावे म्हणून केलेल्या या उपायांनी चित्रपट धड सोपाही झाला नाही आणि धड स्वतःसारखाही राहिला नाही. १९९२ मध्ये निवेदन आणि तो शेवट काढून टाकलेली आवृत्ती आली, २००७ मध्ये स्कॉट यांनी स्वतःच्या मनासारखी अखेरची आवृत्ती सिद्ध केली, आणि आज लोक ज्या ‘ब्लेड रनर’ची स्तुती करतात तो बहुतेक वेळा हाच असतो. म्हणजे १९८२ च्या प्रेक्षकाने नाकारलेला चित्रपट आणि आपण डोक्यावर घेतलेला चित्रपट हे तंतोतंत एकच नव्हेत. ‘काळाच्या पुढचा’ म्हणताना ही बाब सोयीस्करपणे विसरली जाते.

फ्रान्सच्या जाक ताती यांच्या ‘प्लेटाइम’ची (१९६७) गोष्ट याहून निराळी आहे, कारण तिथे पाहण्याची सवयच आडवी आली. ताती यांनी पॅरिसच्या वेशीवर काचेच्या इमारती, रस्ते आणि रहदारी यांचे एक खोटे शहरच उभारले, चित्रीकरण ७० मिलिमीटरच्या रुंद फितीवर केले आणि जवळून घेतलेल्या चेहऱ्यांना जवळजवळ फाटा दिला. सामान्यतः दिग्दर्शक आपल्याला कुठे पाहायचे ते सांगतो. चेहरा मोठा दिसला की तो महत्त्वाचा, हा करार आपण नकळत पाळत असतो. ‘प्लेटाइम’मध्ये एकाच चौकटीत पाच ठिकाणी पाच गोष्टी चाललेल्या असतात. उपाहारगृहाच्या लांबलचक प्रसंगात काचेचे दार फुटते आणि द्वारपाल दाराची नुसती मूठ हवेत धरून, जणू दार शाबूतच आहे अशा थाटात, येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते उघडत-मिटत राहतो. त्याच वेळी इतरत्र कुणाची खुर्ची पाठीवर ठसा उमटवते आहे आणि छताचा एखादा तुकडा लोंबू लागला आहे. ज्याला यातले एक दिसते त्याला दुसरे हुकते. ज्यांना ताती यांचे लाडके पात्र म्हणजे विसराळू मस्यू ह्युलो पडद्याच्या मधोमध हवे होते, त्यांना तो गर्दीत हरवलेला सापडला. चित्रपटाने ताती यांना कर्जात बुडवले, आधीच्या चित्रपटांचे हक्कही त्यांच्या हातून गेले. पुढे अनेक पडलेल्या चित्रपटांना दूरचित्रवाणीने तारले, पण ‘प्लेटाइम’ला ती वाट नव्हती. लहान पडद्यावर त्यातली माणसे मुंग्यांएवढी होतात आणि विनोद दिसेनासा होतो. मोठ्या पडद्यासाठी फितीचे जतनकार्य झाल्यावरच तो खऱ्या अर्थाने परतला.

कधीकधी चित्रपट पडत नाही, तो पाडला जातो. ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ मे १९४१ मध्ये आला तेव्हा त्यातला वृत्तपत्रसम्राट आपल्यावरच बेतलेला आहे, अशी विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या गोटाची खात्री होती. हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाची जाहिरात घेण्यास नकार दिला आणि मोठ्या साखळीतल्या चित्रपटगृहांनी तो लावायला हात आखडता घेतला. ऑस्करची नऊ नामांकने मिळाली, पुरस्कार एकच मिळाला, तोही पटकथेचा, आणि चित्रपट कपाटात गेला.

त्यात नवे काय होते ते एका प्रसंगावरून कळेल. बर्फाळ गावातल्या एका लाकडी घरात आई मुलाला शहरातल्या धनिक पालकाच्या स्वाधीन करण्याच्या कागदावर सही करते आहे. आई आणि तो पालक कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, टेबलाशी बसले आहेत. बाप मधल्या जागेत येरझारा घालत कुरकुरतो आहे. आणि पार मागे, खिडकीच्या चौकटीतून, बर्फात एकटाच ओरडत खेळणारा मुलगा दिसतो. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी जवळचे आणि दूरचे सारेच सारखे स्पष्ट ठेवले आहे. त्या काळची रूढ पद्धत अशी, की आधी आईचा चेहरा, मग कागद, मग मुलगा असे तुकडे दाखवावेत. इथे तुकडे नाहीत. टेबलाशी मुलाचे आयुष्य विकले जात आहे आणि मुलाला त्याची खबर नाही, या दोन्ही गोष्टी एकाच दृष्टिक्षेपात दिसतात, आणि त्यांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे काम प्रेक्षकाला करावे लागते.

ज्याँ रन्वार यांच्या ‘द रूल्स ऑफ द गेम’वर मात्र प्रेक्षक खरोखर संतापले. जुलै १९३९ मध्ये पॅरिसमध्ये तो लागला तेव्हा शिट्ट्या आणि आरडाओरड झाली. एका प्रेक्षकाने वर्तमानपत्र पेटवून चित्रपटगृहालाच आग लावण्याचा प्रयत्न केला, अशी आठवण रन्वार यांनी स्वतः सांगितली आहे. खेड्यातल्या हवेलीत शिकारीला जमलेले उच्चभ्रू लोक, त्यांची प्रेमप्रकरणे, त्यांचे नोकर आणि शेवटी एक चुकून झालेला खून, एवढीच कथा. पण जो समाज युद्धाच्या उंबरठ्यावर उभा राहून फॅन्सी ड्रेसमध्ये नाचत होता, त्याला आरसा नको होता. रन्वार यांनी घाबरून काटछाट केली, तिचाही उपयोग झाला नाही, आणि लवकरच सरकारने लोकांचे मनोधैर्य खचवणारा म्हणून त्यावर बंदी घातली. हा चित्रपट काळाच्या पुढे नव्हता. माझ्या मते तो काळाला इतका बिलगून होता की तेच सहन झाले नाही.

‘प्रेक्षक तयार नव्हता’ हे स्पष्टीकरण तपासायचे तर एकाच सुमारास आलेले, एकाच वळणाचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. १९६० मध्ये दोन-एक महिन्यांच्या अंतराने दोन चित्रपट आले, दोन्हींच्या केंद्रस्थानी लाजरा, देखणा, मनाने मोडलेला तरुण खुनी. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ने विक्रमी गर्दी खेचली, मायकेल पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’वर ब्रिटिश समीक्षक तुटून पडले आणि पॉवेल यांची मायदेशातली कारकीर्द जवळजवळ संपली. काळ एकच होता, तेव्हा दोष काळाचा नव्हे. फरक असा, की ‘सायको’त आपण घाबरतो आणि शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळे नीट समजावून सांगतो. ‘पीपिंग टॉम’चा नायक स्वतः चित्रपटसृष्टीत कॅमेऱ्यावर काम करणारा आहे. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायात लपवलेल्या पात्याने तो स्त्रियांना मारतो आणि मरतानाची त्यांची भीती चित्रित करतो. पहिल्याच प्रसंगात आपण त्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहत असतो. अंधारात बसून दुसऱ्याचे दुःख पाहण्यात तुम्हालाही रस आहेच ना, असा प्रश्न तो विचारतो, आणि पैसे मोजून आलेल्या माणसाला, विशेषतः चित्रपट पाहणे हाच ज्याचा पेशा आहे त्या समीक्षकाला, हा प्रश्न आवडणे कठीणच होते.

अशीच दुसरी जोडी गुरुदत्त यांच्या स्वतःच्या चित्रपटांची आहे. ‘प्यासा’ (१९५७) चालला आणि दोनच वर्षांनी आलेला ‘कागज के फूल’ (१९५९) सपशेल आपटला. दोन्हींत उदासी आहे, उपेक्षित कलावंत आहे, पाठ फिरवणारी माणसे आहेत. मग प्रेक्षकाला एक पेलला आणि दुसरा का पेलला नाही? मला वाटते, ‘प्यासा’मध्ये प्रेक्षकाला उभे राहायला जागा आहे: जग निष्ठुर आहे आणि आपण कवीच्या बाजूने आहोत, असे त्याला मानता येते. ‘कागज के फूल’चा नायक चित्रपट दिग्दर्शक आहे, त्याचा चित्रपट पडतो आणि त्याला विसरणारे लोक म्हणजे थेट तिकीट काढून समोर बसलेले आपणच. शिवाय गाडी-बंगला असलेल्या यशस्वी दिग्दर्शकाच्या एकटेपणाबद्दल कळवळा वाटायला, त्या झगमगाटामागचे आयुष्य थोडेफार ठाऊक असावे लागते. व्ही. के. मूर्ती यांनी या चित्रपटासाठी केलेले काम त्या वेळीही नजरेत भरले होते आणि त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. अंधाऱ्या, ओस पडलेल्या स्टुडिओत वरून उतरणारा तो जाड प्रकाशझोत, त्यात तरंगणारी धूळ आणि त्याच्या कडेला एकमेकांपासून अंतर राखून उभी असलेली दोन माणसे हे दृश्य त्यांनी बाहेरचे ऊन आरशांवरून परावर्तित करून आत आणत साधले होते. हिंदीतला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. रुंद पडद्याची रिकामी जागा एकाकीपणा दाखवायला वापरणे ही कल्पना तेव्हा कुणाच्या गावीही नव्हती. यानंतर गुरुदत्त यांनी चित्रपट काढले, पण दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव पुन्हा लावले नाही. १९६४ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी ते गेले.

इथवर पडण्याची कारणे पाहिली. उठण्याच्या कारणांमध्ये मला सर्वांत बोलके वाटते ते फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चे उदाहरण. १९४६ च्या अखेरीस आलेल्या या चित्रपटाने खर्चही पुरता भरून काढला नाही आणि काप्रा यांची नवी निर्मितीसंस्था त्यातून सावरली नाही. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार स्वामित्वहक्क २८ वर्षांनी अर्ज करून वाढवून घ्यावा लागे. १९७४ मध्ये हा अर्ज करायचा राहून गेला. चित्रफीत अशा प्रकारे मोकळी झाल्याबरोबर दूरचित्रवाणी केंद्रांना नाताळच्या दिवसांत फुकटात दाखवायला एक चित्रपट मिळाला, आणि त्यांनी तो वर्षानुवर्षे, दिवसातून अनेकदा दाखवला. ज्या पिढीला तो चित्रपटगृहात कधी दिसला नव्हता, तिच्या बालपणाचा तो भाग झाला. कुणा कारकुनाच्या नजरचुकीने एका चित्रपटाला अमरत्व दिले, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही. यात कलेचा भाग नाही असे नव्हे. फुकट मिळालेले सगळेच चित्रपट लोक दरवर्षी पाहत नाहीत. पण भेट घडल्याशिवाय प्रेम जडत नाही, आणि भेट घडवून आणण्याचे काम इथे कायद्यातल्या एका पोकळीने केले.

व्हिडिओ कॅसेट, खासगी वाहिन्या आणि पुढे डीव्हीडी यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ने १९९४ मध्ये पहिल्या फेरीत अमेरिकेत सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर मिळवले, तर त्याच्यावर २ कोटी ५० लाख खर्च झाले होते, पुढे भाड्याच्या कॅसेट आणि दूरचित्रवाणीवरची सततची प्रक्षेपणे यांनी त्याला घराघरांत नेले. त्याच वर्षीचा राजकुमार संतोषी यांचा ‘अंदाज अपना अपना’ तिकीटबारीवर ढेपाळला होता, पण वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा लागून त्याचे संवाद लोकांच्या तोंडी बसले. त्याचा विनोद गोष्टीपेक्षा संवादांच्या तिरकस लकबीत आहे, आणि असा विनोद चौथ्या-पाचव्या वेळी अधिक रंगतो. तुटक तुटक, मधूनच कधीतरी पाहायला तो जितका चांगला आहे तितका सलग तीन तास पाहायला नाही, आणि म्हणूनच घरातला पडदा त्याला मानवला असावा.

समीक्षकांचा मार्ग याहून संथ, पण टिकाऊ. जर्मन ताबा असताना फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ‘सिटिझन केन’ तिथे पोहोचला आणि आंद्रे बाझां यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यातल्या खोल चौकटींवर गांभीर्याने लिहिले. ब्रिटनचे ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेते; १९६२ ते २००२ अशा पाच कौलांत ‘केन’ पहिला आला. २०१२ मध्ये त्याला मागे टाकले ते हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ने, आणि १९५८ मध्ये त्याचेही स्वागत कोमटच झाले होते. २०२२ मध्ये पहिले स्थान शांताल अकरमन यांच्या १९७५ च्या ‘जान दिलमान’कडे गेले, म्हणजे हा निकालही कायमचा नाही. या मार्गावर समीक्षकांहून अधिक वजन दिग्दर्शकांचे असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘पीपिंग टॉम’ला पुन्हा पडद्यावर आणण्यात मार्टिन स्कोर्सेसी यांचा मोठा वाटा होता. आणि दिग्दर्शक नुसती शिफारस करत नाहीत, ते उचलतातही. पडलेल्या चित्रपटातली एखादी युक्ती पुढच्या वीस चित्रपटांत आली की प्रेक्षकाचा डोळा तिला सरावतो, आणि मग मूळ चित्रपट पाहताना तो अडखळत नाही. काळ पुढे सरकून चित्रपटाला गाठतो असे आपल्याला वाटते, पण त्या चित्रपटानेच, आपल्या अनुयायांकरवी, काळाला हळूहळू आपल्याकडे ओढून आणलेले असते.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये ही सगळी प्रक्रिया सहा वर्षांत उरकली. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याने बेताचाच धंदा केला. मग तो घरच्या पडद्यांवर पोहोचला, अखंड पावसात बुडालेल्या वाड्याची आणि पिढीजात हावेची ती कथा लोकांनी एकमेकांना दाखवली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. पुन्हा आलेल्या गर्दीत अनेकांनी तो आधी घरी पाहिलेला होता. घरबसल्या उपलब्ध असलेल्या गोष्टीसाठी लोक तिकीट काढतात, हे वितरकांना नव्याने कळले.

मात्र पडलेला प्रत्येक चित्रपट काळाच्या पुढचा नसतो, आणि नंतर नावाजलेला प्रत्येक चित्रपटही निर्दोष नसतो. राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) चार तासांहून लांब, दोन मध्यंतरांचा होता. त्यातला शाळकरी मुलाचा पहिला भाग विलक्षण हळवा आणि धीट आहे, पण उरलेल्या दोन भागांचा पसारा आजही जड वाटतो. तो पडला यात प्रेक्षकाचा फारसा अपराध नव्हता. मायकेल चिमिनो यांच्या ‘हेवन्स गेट’वर (१९८०) ४ कोटी ४० लाख डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही परत आले नाहीत, पुढच्याच वर्षी युनायटेड आर्टिस्ट्स ही जुनी संस्था विकली गेली. २०१२ मध्ये नव्याने जतन केलेली आवृत्ती व्हेनिसच्या महोत्सवात दाखवल्यावर त्याची कीर्ती सुधारली. त्यातली निसर्गदृश्ये खरोखर थक्क करणारी आहेत आणि कथा खरोखर रेंगाळते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

शिवाय आपण ज्यांची नावे घेतो ते वाचलेले चित्रपट आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) गर्दी खेचूनही उरला नाही, तिथे न चाललेल्या चित्रपटाची फीत सांभाळून ठेवण्याचे कारण कुणाला होते? बॉम्बहल्ल्यात ‘द रूल्स ऑफ द गेम’ची मूळ निगेटिव्ह जळाली. युद्धानंतर दोन चित्रपटप्रेमींनी कुठेकुठे पडलेले डबे हुडकून तुकडे जुळवले आणि १९५९ मध्ये जवळजवळ संपूर्ण चित्रपट पुन्हा उभा केला, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलता येते.

फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ला तर याहून जास्त वाट पाहावी लागली. १९२७ मध्ये बर्लिनला तो अडीच तासांचा होता. प्रचंड खर्चाच्या मानाने गल्ला जमेना, तेव्हा वितरकांनी त्यातला मोठा भाग कापून टाकला, आणि कापलेला भाग कायमचा गेला असे ऐंशी वर्षे मानले जात होते. २००८ मध्ये ब्युनोस आयर्समधल्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक प्रत सापडली, जी कापाकापीपूर्वीच्या प्रिंटवरून कधीकाळी उतरवून ठेवलेली होती. २०१० मध्ये ती जोडून चित्रपट पुन्हा दाखवण्यात आला. जुनी प्रत इतकी झिजलेली होती की तिच्यावरच्या उभ्या रेघोट्या पुरत्या पुसता आल्या नाहीत आणि चौकटही थोडी लहान आहे. त्यामुळे आज ‘मेट्रोपोलिस’ पाहताना स्वच्छ, लखलखीत दृश्ये चाललेली असतात, मध्येच चित्र आक्रसते, पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा धावू लागतात, आणि १९२७ मध्ये कात्री नेमकी कुठे चालली होती ते कुणी न सांगता कळते.